करारातलं दुसरं नाव

प्रिय दादा,

जय भीम. घर मिळालं, वारज्यात. तू आणि करुणावहिनी सोमवारी वर्ध्याहून याल, तोवर पडदेही लागलेले असतील.

तुम्हा दोघांसाठी वहिनीच्या ऑफिसजवळ, खराडीत बघ, असं तू म्हणाला होतास. तिथलं एक घर चांगलं होतं. गॅलरीतून तिचं ऑफिस दिसत होतं. तुला मी सांगितलं की तिथे पाणी येत नाही. वारज्याहून तिला रोज सगळं शहर ओलांडावं लागेल. माझं ऑफिस इथून दहा मिनिटांवर आहे.

मालकीणबाईंनी विचारलं, "राहणार कोण?"

"मी आणि माझा भाऊ."

"मग हरकत नाही. नवीन जोडपी नकोत आम्हाला. भिंतभर लग्नाचे फोटो ठोकतात."

मी हसले. तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

चार वर्षं आपण एका खोलीत राहिलो. मला हॉस्टेल बघायला तू फोनवर सांगितलंस, तेव्हा मागे वहिनी कुणाशी तरी हसत बोलत होती. एवढ्यावरून मी तिचा राग धरला.

भाडेकरारात तुझं आणि माझं नाव आहे. तिचं नाही. सोमवारी संध्याकाळी एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन येईल. तू नेहमीसारखा म्हणशील, "मैत्री, तू बघितलंयस ना, मग झालं," आणि न वाचता अंगठा ठेवशील.

या वेळी वाच, एवढंच सांगायला हे लिहायला बसले होते. पण हे पत्र मी पाठवणार नाही.

तुझी,
मैत्री