पलंगाखालच्या विटा

माय, तुला मी आजवर एकही पत्र लिहिलेलं नाही. डी.एड.ला बाहेरगावी होतो तेव्हा पत्रं वडिलांच्या नावानं टाकायचो आणि तू त्यात शेवटच्या ओळीत असायचीस, आईस नमस्कार एवढीच. तेवढी ओळ तू पोस्टमनकडून दोनदा वाचून घ्यायचीस, हे त्यानंच मला नंतर सांगितलं. आता तुला जाऊन वीस वर्षं झाली आणि मी लिहायला बसलोय ते विटांबद्दल. चार विटा. तुला आठवत असतील.

महिन्याभरापूर्वी शाळेत परिपाठ चालू असताना माझ्या छातीत अशी जळजळ उठली की मला वाटलं, संपला कारभार. हेडमास्तरांनी गाडीत घातलं आणि उमरग्याला दवाखान्यात नेलं. कार्डिओग्राम काढला, तो चांगला निघाला. डॉक्टरीणबाई माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. म्हणाल्या, सर, हृदय ठणठणीत आहे, जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत येतंय. घाबरू नका, मोठ्या माणसांत हे घरोघरी आहे, बाहेरच्या बाकावरच विचारून बघा. बाकावर मघाशी माझ्या शेजारी एक ट्रक ड्रायव्हर, एक कापड दुकानदार आणि सात-आठ महिन्यांची गरोदर पोरगी बसली होती, तिघांचीही तीच रड. कुणी याला आजार म्हणतच नाही. ॲसिडिटी झाली म्हणायचं, सोडा प्यायचा आणि पुन्हा भजी खायला मोकळं.

मग त्या एकेक विचारत गेल्या. पोट किती सुटलंय ते त्यांना दिसतच होतं. तंबाखू? होय. चहा किती? स्टाफरूममध्ये कोण मोजतंय. जेवल्यावर किती वेळानं आडवे होता? मी म्हणालो, हात धुतले की. इथवर मी हसत उत्तरं देत होतो. गुडघेदुखीच्या वगैरे गोळ्या खाता का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो आणि मला तू आठवलीस. किराणा दुकानातून सुट्ट्या आणलेल्या तुझ्या गुडघ्याच्या गोळ्या, पदराच्या गाठीत बांधलेल्या. पुढचं सगळं मग मला तुझंच दिसायला लागलं. सकाळी उठून दाताला मिश्री, त्यावर उपाशीपोटी कोरा चहा. दिवसभर खुरपणीला वाकलेली, कमरेला लुगड्याची गाठ करकचून बांधलेली. सगळ्यांची पानं उठल्यावर उरलेली भाकरी आणि ठेचा खायचा, भांडी घासायची आणि तिथंच अंग टाकायचं. त्या बाई माझी चौकशी करतायत की तुझी, ते मला कळेना.

गोळ्या लिहून दिल्या, जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवायला सांगितलं. घास गिळताना अडकायला लागला, वजन उतरायला लागलं किंवा काळी शौच झाली तर एक दिवसही थांबू नका, असं बजावलं. आणि मी उठता उठता म्हणाल्या, "सर, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावा. नुसत्या उशा रचू नका, त्यानं पोट दुमडतं. पलंगच तिरका पाहिजे."

मी विचारलं, "विटाच?"

त्यांना वाटलं मला कमीपणा वाटतोय. लाकडी ठोकळे लावले तरी चालेल म्हणाल्या. मी मान हलवली आणि चिठ्ठी घेऊन बाहेर आलो.

पहिल्या पगारात मी तुला लोखंडी पलंग घेतला होता. लोहाऱ्याहून जीपच्या टपावर बांधून आणला आणि गावात शिरताना ड्रायव्हरला मुद्दाम हळू घ्यायला लावलं, सगळ्यांना दिसावं म्हणून. तू जन्मभर जमिनीवर वाकळ टाकून झोपलेली. आठ दिवसांनी शाळेतून येऊन बघतो तर पलंग एका बाजूनं उचललेला. न्हाणी बांधून उरलेल्या विटा तू आणल्यास आणि उशाकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन ठेवल्यास. चुलती ओट्यावर बसून हसतेय, मास्तरच्या पलंगाला घाट लागला म्हणतेय. दुसऱ्या दिवशी मुलीकडचे आपलं घर बघायला यायचे आहेत. माझं डोकंच फिरलं. नवा पलंग, उद्या पाहुणे, लोक काय म्हणतील, असं काय काय बोललो.

तू म्हणालीस, "आरं, सपाट पडलं की आंबट पानी नरड्याला यायलंय. छाती लई जळायलीय. डोस्कं वर असलं की गप बसतंय."

आणि मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "तुला चांगलं काय सोसतच न्हाय, माय."

मी वाकून विटा ओढायला लागलो. पलंग माझ्या बोटांवर पडू नये म्हणून तू उशाची पट्टी दोन्ही हातांनी उचलून धरलीस. धरून उभी राहिलीस, माझं काम होईपर्यंत.

पाहुणे आले, सोयरीक जमली, आणि ते गेल्यावर तू विटा परत लावल्यास. तेव्हा मी हट्टालाच पेटलो. त्या चारही विटा न्हाणीत रांजणाखाली सिमेंटात बसवून टाकल्या. आता कशा लागतात कामाला, असं वर बोललोही. त्यानंतर तू पलंगाचं नावच काढलं नाहीस. तुरीच्या पोत्यांना पाठ टेकून बसल्या बसल्या झोपायला लागलीस. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, एवढा पलंग आणला, पण म्हातारीला आपली जमीनच गोड.

आणि या सगळ्या काळात मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. फळ्यावर अन्ननलिका काढायचो, खाली जठर, मध्ये झडप. झडप ढिली पडली की आम्ल वर येतं. तांब्या उभा असला की सांडत नाही, आडवा केला की सांडतो, हे उदाहरणही द्यायचो, पोरांना ते आवडायचं. घरी आलो की तू पोत्याला टेकलेली. जे मी पुस्तकातून पाठ करून घेत होतो ते तू जळत्या छातीनं आपलं आपण शोधून काढलं होतंस, आणि तुला मी वेड्यात काढलं.

तू गेलीस ती पक्षाघातानं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं मी स्वतःला सांगून बघितलं. ते खरंच आहे. माझ्यामुळं कुणी मेलं नाही. फक्त एका बाईला बारा वर्षं नीट पाठ टेकता आली नाही, आणि ती माझी आई होती. मला याची लाज वाटते, माय.

हे मी शाळेच्या पाठांच्या टाचण वहीच्या मागच्या पानांवर लिहितोय. धाडायचं कुठं हा प्रश्नच नाही, वही कपाटात जाईल. पण एक सांगायचं राहिलंय. तोच लोखंडी पलंग आता मी वापरतो आणि त्याच्याखाली चार नव्या विटा आहेत. गेल्या रविवारी तुझ्या नातवाच्या सोयरिकीसाठी पाहुणे आले. तुझी सून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की विटा, पाव्हण्यांनाबी ॲसिडिटी असंलच." तरी मी सकाळीच दार लोटून घेतलं, विटा काढल्या आणि न्हाणीत रांजणाआड नेऊन ठेवल्या, तुझ्या विटांच्या शेजारी. उशाची पट्टी धरायला कुणी नव्हतं. पलंग हातावर आदळला, अंगठ्याचं नख अजून काळं आहे. पाहुणे गेल्यावर मी विटा परत लावल्या. मला कुणी काही बोललं नाही.