सतरा नंबरचा बिल्ला

५ जानेवारी १९९४, हूरा
पोचलो एकदाचा आखातात! विमानतळावर शंभ्या आपला चट्ट्यापट्ट्यांचा सदरा घालून दात काढत उभा. धाकटा भाऊ, पण पाच वर्षं इथल्याच तुबलीच्या गॅरेजमध्ये काढलेली, म्हणून साहेबासारखा पुढे पुढे चालत होता. खोलीवर स्वतः सुरमईचं कालवण केलं आणि मीठच विसरला गधडा. आईने निघताना बजावलंय, शिमग्याला त्याला घेऊनच ये, मुलगी बघून ठेवलीय.

८ जानेवारी
दोघांना बरोबरच काम मिळालं, एका जहाजावर रंगाऱ्याचं. जहाज एके काळी अणुशक्तीवर चालून माल वाहायचं, आता त्याचं म्युझियम केलंय. शाळेची पोरं कप्तानाच्या खुर्चीत बसून फोटो काढतात. इंधन कधीच काढून नेलंय, पण तळाशी अणुभट्टीची खोली तशीच आहे. गंज चढू नये म्हणून तिचं दार लावलं की आत गॅस सोडतात, मग माणूस जगत नाही. म्हणून आत जाताना आपला पितळी बिल्ला बाहेरच्या हुकावर अडकवायचा, बाहेर आल्यावर काढायचा. हूक रिकामे दिसले की सुपरवायझर वली दार लावतो. माझा सोळा, शंभूचा सतरा. तो वेंधळा, विसरतो. दोन्ही मीच उचलतो. शाळेत त्याचं दप्तरही मीच उचलायचो.

२ फेब्रुवारी
शंभू गेला.
जेवायला मी बाहेर आलो, सवयीने दोन्ही बिल्ले उचलले, वर जाऊन डबे मांडले. वाटलं, मागून येतोय. वलीने हूक बघून दार लावलं. आमटी निवली तरी शंभू येईना, तेव्हा खिशात हात घातला.

९ फेब्रुवारी
पेटी विमानाने गेली. सगळे म्हणतात, पोराने स्वतःच बिल्ला आधी काढला आणि पुन्हा आत गेला. म्हणणारच. त्याला बाहेर काढताना तो मीच गुपचूप त्याच्या खिशात सरकवला होता.

२६ फेब्रुवारी
आईचं पत्र. खिशातल्या बिल्ल्यासकट त्याला अग्नी दिला. विचारते, असा कसा रे माझा शंभू वेंधळा?
देवा, मी काय केलं हे.

५ मार्च
हुकावर सतरा. जळून काळा पडलेला. वलीला दिसला नाही, तो दार लावायला निघाला. मी ओरडून थांबवलं.

१० मार्च
रोज असतो. बंद दाराआतून टकटक, तीनदा. न्हाणीचं दार शंभ्या असंच वाजवायचा. वली म्हणतो, रजा घे, घरी जा. एकटा कसा जाऊ?

१२ मार्च
आत आलोय. माझा सोळा त्याच्या सतराशेजारी लावून. मोठ्याने सांगितलं — बिल्ला मी उचलला, शंभ्या, तू वेंधळा नव्हतास. चल, आई वाट बघतेय. टकटक थांबली.
दारातून हूक दिसतात. बाहेर कोणीतरी — त्याचाच चट्ट्यापट्ट्यांचा सदरा —
दोन्ही बिल्ले उचलले. एकदम. मी उचलायचो तसे.
जिन्यावर पावलं. वर डबे मांडतोय —
वली आला. हूक बघतोय. हाक मारतोय मी, आवाजच फुटत —
शंभ्या, अरे मी अजून आत