न दुखणारा डोळा

१२ एप्रिल १९८७
कपाळावरची नागीण वाळली. उजवा डोळा लालच हाय, धुरकट दिसतंय. पण दुखत न्हाई, म्हणून टँकरवर गेलो. शिरूर अनंतपाळकडं तीन खेपा केल्या.

१९ एप्रिल
आज शिरूरकडच्या गावातली कमलम्मा माझ्या चाकाखाली गेली असती.
टँकर दिसला की बाया घागरी घेऊन पळत येतात. ती उजवीकडून आली. मला दिसलीच न्हाई. क्लीनर शंकरप्पा ओरडला, तवा ब्रेक दाबला. घागर चपटी झाली. बाई रस्त्यातच बसली. शिव्या दिल्या न्हाईत. "आधी पाणी सोडा," एवढंच म्हणाली.
मी उतरून टाकीचा नळ उघडला.

२० एप्रिल
लातूरला डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी कापसाचं टोक बुबुळाला लावलं. "कळतंय?" न्हाई. "दुखत नाही, हेच वाईट," म्हणाल्या. बुबुळावर घाव हाय — मला पत्ताच नव्हता!
त्यांनी समजावलं. बुबुळावर पेशींचा पातळ थर असतो. एकीला इजा झाली की ती शेजारच्यांना निरोप धाडते, मग साऱ्या सरकत येऊन घाव झाकतात. त्यांना जगवणारा निरोप नसांतनं येतो. नागिणीनं त्या नसाच मारल्या. पेशी थांबल्यात.
घाव उघडा राहू नये म्हणून पापण्या शिवाव्या लागतील. न्हाईतर बुबुळाला भोक पडंल.

२१ एप्रिल
साहेब अमृतराव म्हणाले, "जिल्हा नवा, ड्रायव्हर मोजके. आठ दिवस काढा कसे तरी." चावी टेबलावर ठेवून आलो. मागून हाक मारली, वळलो न्हाई. कमलम्माच्या गावाला उद्या पाणी कोण नेणार?

२३ एप्रिल
पापण्या शिवल्या. मधी बारीक फट ठेवलीय, औषध टाकाया.

४ मे
डॉक्टरीणबाईंनी फटीतून बॅटरी मारून पाहिलं. घाव तेवढाच. शंकरप्पा सांगून गेला — कमलम्माच्या गावाला आता दोन दिवसांआड टँकर जातो. रात्र-दिवस तेच डोक्यात. बायको शरणम्मा म्हणाली, "जेवा तरी." घास उतरंना. एका डोळ्याच्या माणसाला गाडी कोण देणार? तिला हे बोललो न्हाई.

२० मे
घावाची कड थोडी सरकलीय, म्हणतात डॉक्टरीणबाई. मला तर काहीच कळंना. खोटा धीर देत असतील.

३ जून
शरणम्मा कांदा चिरत होती. शिवलेल्या पापणीआड चुरचुरलं. आधी वाटलं, भास हाय. मग त्याच डोळ्यातनं पाणी आलं. ती म्हणाली, "दूर सरका."
मी आणखी जवळ जाऊन बसलो.