गुरुवारचं वाचन

१ ऑक्टोबर, गुरुवार

गेले! खरंच गेले त्याच्या घरी.

रविवारी उपासना संपल्यावर पाळकांनी विचारलं होतं— शाळेतले जुने मास्तर आंधळे झालेत, एकटेच असतात, दर गुरुवारी त्यांना पवित्र शास्त्र वाचून दाखवायला कोण जाईल? सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्याच्या जिभेची धास्ती अजून आहे. हात माझा वर गेला. मनात प्रीतीबिती काही नव्हती. त्याला आंधळा झालेला बघायचं होतं, बस्स.

पाळक इथे नवे. त्यांना दादाचं काहीच माहीत नाही. मास्तरलाही सांगितलं नाही मी कुणाची कोण. "इस्त्रीच्या दुकानात काम करते," एवढंच. चार ओळी वाचल्या तर म्हणतो, "पुरे. जा. पुन्हा येऊ नकोस."

५ ऑक्टोबर, सोमवार

कॉलरींना इस्त्री करताना दादा दिसला. वाफेत उभा. शाळेचा शर्ट, गळ्यात पुठ्ठा— 'मी चोर'. कुणाची तरी पेन्सिलपेटी हरवली म्हणून मास्तरनं तो अडकवून त्याला वर्गावर्गातून फिरवलं होतं. दादा त्या दिवशी घरी आलाच नाही. नदीकाठी नुसते बूट सापडले. नीट शेजारी शेजारी ठेवलेले.

गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला मी. मालकीणबाई ओरडल्या.

८ ऑक्टोबर, गुरुवार

"बहिरी आहेस का? येऊ नकोस म्हटलं होतं ना!" मी सरळ वाचायला बसले. पानभर ऐकलं. मग "बंद कर!" असा किंचाळला की शेजारीण डोकावून गेली.

पाळकांना म्हटलं, हा माणूस प्रेम करण्यासारखा नाही हो. म्हणाले, "प्रेम करण्यासारख्या माणसांवर कुणीही करतं, ताई. तेवढ्यासाठी प्रभूला सांगावं लागलं नसतं." बोलायला यांचं काय जातं!

११ ऑक्टोबर, रविवार

त्याच्यासाठी प्रार्थना करायला बसले. "प्रभो, त्याचं—" पुढे शब्दच फुटेना.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

त्याची नखं वाढलेली. गालावर त्याच्याच नखांचे ओरखडे. मीच म्हटलं, द्या हात इकडे. दिला! गार, मऊ हात. याच बोटांनी दादाचा कान पिरगळला होता. नेलकटर लावलं— आणि खोल गेलं. रक्त आलं.

चुकून? इथे तरी खोटं लिहू नये. माहीत नाही.

त्यानं मुकाट्यानं दुसरा हात पुढे केला.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

आईला कळलं. कुणीतरी तिला माझं कौतुक सांगायला गेलं होतं! ती भांडी घासत होती. नळ बंद केला.

"त्याला वाचून दाखवतेस? त्याला?"

"अगं, प्रभूच सांगतो ना, वैऱ्यावरसुद्धा—"

"त्यानं क्रुसावरून सगळ्यांना माफ केलं. खाली त्याची आई उभी होती. तिला विचारलं होतं का कुणी?"

तिनं भिंतीवरचा दादाचा फोटो काढला आणि आपल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं. भिंतीवर चौकोन उरलाय. येता-जाता तिकडेच नजर जाते.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

गेले नाही. आई खूश होईल वाटलं होतं. तिनं विचारलंसुद्धा नाही.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

दारात पाऊल टाकलं तोच मास्तर म्हणाले, "पहिल्याच दिवशी ओळखलं होतं मी तुला. वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडतेस. त्याचं अगदी तसंच होतं. तू वाचायला लागलीस की तोच समोर बसलाय असं वाटायचं, म्हणून हाकलत होतो." मग म्हणाले, "मागच्या गुरुवारी कुणीच आलं नाही. ते त्याहून वाईट होतं गं."

मला वाचायला शिकवलं ते दादानंच.

मी वाचत राहिले. मास्तरांनी थांबवलं नाही. उद्या गुरुवार नाही. तरी जाणार आहे.