सातच्या पुढची मापं

४ नोव्हेंबर

चि. चिमणीस,
अ. आ.

तू करून दिलेला प्रोग्रॅम दुकानात छान चालतोय. गिऱ्हाईकाचं नाव, पुढे चौकोनी कंसात नंबर, की माप हजर. एक म्हणजे गळा, सात म्हणजे डावी बाही. या वयात पाढे पाठ करायला लावलेस, तेवढीच तक्रार.

काल डॉक्टरीणबाईंच्या कोटाला सातऐवजी चुकून आठ दाबला, तर त्यालाही आकडा आला. तू सातच मापं घातली होतीस ना? वहिनींचे गुडघे कसे आहेत?

लोभ आहेच, तो पत्रांतूनही दिसू दे.
तुझा काका

९ नोव्हेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

आईचे गुडघे बरे आहेत, कुरकुर चालू आहे. आठला आकडा येणं शक्य नाही. गिऱ्हाईक हे आत एक ऑब्जेक्ट आहे; गळा, खांदा, छाती हे त्याचे गुणधर्म. वर इंडेक्सर बसवलाय, म्हणून तुम्हाला ते ओळीतल्या खणांसारखे नंबरानं मागता येतात. खरं तर आत ओळ नाही नि खणही नाहीत. कोणत्या नंबराला कोणतं माप द्यायचं एवढंच मी लिहिलंय, आणि सातच्या पुढे 'असं माप नाही' म्हणायला सांगितलंय. माझ्याकडे ते तसंच म्हणतं. चष्मा लावून पुन्हा बघा.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची चिमणी

१४ नोव्हेंबर

चि. चिमणीस,
अ. आ.

चष्मा लावूनच पाहिलं. आठपासून चौदापर्यंत आकडे येतात. नाव डॉक्टरीणबाईंचं टाक नाहीतर बेकरीवाल्याचं, आकडे तेच. गळा, खांदा, छाती असं ओळीनं उतरवत गेलो, तर शेवटी डावी बाही उजवीपेक्षा दीड इंच आखूड. एवढा फरक मी एकाच माणसाचा पाहिलाय. शिडीवरून पडून तुझ्या बाबांचं डावं कोपर वाकडं बसलं होतं, आणि दादाचे कपडे मीच शिवायचो.

तू शाळेत होतीस तेव्हा तो कामावर म्हणून गेला, तो आलाच नाही. पोलिसांनी शोध थांबवला, आपणही बोलायचं सोडलं. पण चिमणे, दर वेळी बघतो तर कंबर उतरलेली असते. तो वाळत चाललाय. वहिनींना एवढ्यात सांगू नकोस. मी त्याच्या मापाचा कोट बेतलाय.

सांभाळून राहा.
काका

१९ नोव्हेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचताना आईनं माझा चेहरा पाहिला, मग लपवता आलं नाही. ती रडली नाही. कोटाला अस्तर लावताय का, एवढंच तिनं विचारलं. मला भीती वाटते, काका. प्रोग्रॅमची नवी प्रत पाठवतेय, तिच्यात सातच्या पुढचं सगळं बंद आहे. ती लावा आणि जुनी पुसून टाका. मला बाबांना असं बघायचं नाही.

एवढं ऐका.
चिमणी

२५ नोव्हेंबर

चि. चिमणीस,
अ. आ.

अस्तर जाड लावलंय, वहिनींना सांग. कोट परवा पुरा करून खुंटीला अडकवला. तुझी प्रत लावण्याआधी शेवटचे आकडे बघावे म्हटलं. छाती, खांदा, कंबर, सगळं एकदम वाढलं होतं, आणि नेमकं तेवढंच, जेवढी मी कोटाला ढिलाई सोडलीय. अंगात कोट घातलेल्या माणसावर टेप फिरवली की येतात तशी मापं. कोट मात्र खुंटीलाच आहे, कुणी हात लावलेला नाही.

तुझी प्रत मी लावली नाही. रागावू नकोस. कोटाच्या आत घालायला त्याच्याकडे काय असेल कोण जाणे, म्हणून आज शर्टाचं कापड आणलंय.

तुम्हा दोघींवर जीव आहे.
काका