वेगळं पातेलं

मिन्या, २२ मार्च १९९४

ती. नसीफदादास,
स. न. वि. वि.

अलेक्झांड्रियात औषधाच्या दुकानात बसून तू साऱ्या गावाला सल्ले देतोस, आणि सख्ख्या भावंडांना दोन ओळी लिहायला तुला महिना लागतो. असो.

आपला धाकटा वहबा बरा आहे. हृदयात नवी झडप बसवल्याला दोन वर्षं झाली. जिना चढतो, चर्चमध्ये वेदीपाशी उभा राहून पुन्हा गातो. पण परवा तपासणीत रक्त दाट झालेलं निघालं. गोळी चुकवतोस का, असं डॉक्टरांनी विचारलं. त्याने शपथेवर नाही म्हटलं, आणि ते खरं आहे. रोज संध्याकाळी सहाला मीच गोळी हातावर ठेवते. शेवटी एकीची दीड केली. झडपेवर गुठळी धरली तर, या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नाही.

आमचा मोठा उपवास चालू आहे. ईस्टरपर्यंत पंचावन्न दिवस मांस, दूध, अंडं काही नाही. वहबाला फादरनी सूट दिली आहे.

लोभ आहेच, तो पत्रातही दिसू दे.
तुझी फेरियाल


अलेक्झांड्रिया, ३१ मार्च

चि. फेरियालला अ. उ. आ.

टोमणा पोचला. आता नीट वाच. वहबा चोरून उपवास करतो का? पालक, मुलुखिया रोज पोटात गेली की या गोळीचा जोर कमी होतो. हिरवं खाऊ नये असं नाही. रोज सारखंच खावं, आणि बदललं की डॉक्टरांना सांगावं. नाहीतर ते भाजीला पुरून उरेल एवढी गोळी देतील, आणि भाजी थांबली की तीच अंगावर येईल. हिरड्यांतून रक्त आलं, निळे डाग उठले, तर एक दिवसही थांबू नका.

त्या गाणाऱ्याला माझा पापा. लोभ ठेव, राग ठेवू नकोस.
नसीफ


मिन्या, १७ एप्रिल

ती. दादास,
स. न. वि. वि.

तू उगाच काळजी करतोस. त्याच्यासाठी मी वेगळं पातेलं चढवते, कोंबडी शिजवते. डॉक्टरांनी आता दोन गोळ्या केल्या आणि रक्त अगदी हवं तसं आलं. पुढची तपासणी ईस्टरनंतरच्या मंगळवारी होती, पण सुट्ट्यांमुळे लॅब बंद, म्हणून आणखी आठवड्याने. ईस्टरला अख्खं बदक एकटा खाणार म्हणतो, आणि तुला हाडंही ठेवणार नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ वाढवावा.
फेरियाल


मिन्या, १२ मे

दादा,

तारेत सगळं लिहिता आलं नाही. रविवारी वहबा गेला. मेंदूत रक्तस्राव झाला.

मी तुला खोटं लिहिलं. त्याने पहिल्या दिवसापासून उपवास धरला होता. अंडी खाल्लेल्या तोंडाने वेदीपुढे कसा गाऊ, म्हणाला, आणि दादाला सांगू नकोस म्हणून माझे हात धरले. पालक, मुलुखिया, पुन्हा पालक, सगळं मीच रांधलं. तो किती आवडीने खायचा. डॉक्टरांपुढेही मी गप्प बसले.

ईस्टरपासून घरात हिरवं पान आलं नाही. बदक, कोंबडी, अंडी. गोळ्या मात्र त्याच दोन, सहाच्या ठोक्याला, माझ्या हातून. शुक्रवारी हिरड्यांतून रक्त आलं, तो म्हणाला ब्रश लागला. मांडीवर डाग होता, तो म्हणाला बाक लागला. मंगळवारी तपासणी आहेच, असं मी मनाशी म्हटलं. रविवारी डोकं धरून बसला तो उठलाच नाही. उपवासात काय खायचा, हे डॉक्टरांनी तेव्हा विचारलं. मी सांगितलं. मला आधी का नाही कळवलंत, एवढंच ते म्हणाले.

औषध चुकलं नाही रे. एकही दिवस चुकलं नाही. मीच चुकले.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही.
फेरियाल


अलेक्झांड्रिया, १९ मे

चि. फेरियालला अ. उ. आ.

आई होती तेव्हापासून आपल्या घरात उपवासाला दुसरं पातेलं कधी चढलेलं नाही. तुझी ती ओळ वाचताच मला कळलं की हे खोटं आहे. ईस्टर आठवड्यावर आला होता. त्या डॉक्टरांना फोन करायचं मनात आलं, आणि दुकानात गर्दी होती, म्हणून उद्या करू म्हटलं. मग राहूनच गेलं.

तू एकटी नाहीस चुकलेली. शनिवारच्या गाडीने येतो. काही रांधू नकोस.

लोभ आहे.
नसीफ