अकरावी आणि बॅकहँड

१२ सप्टेंबर, शुक्रवार
जिल्ह्यात पहिली आले! एकही चेंडू न मारता!! सतरा वर्षांखालच्या मुलींत टेनिसला माझं एकटीचंच नाव होतं. शाळेत टाळ्या वाजल्या. पप्पा कॉलनीभर सांगत सुटले. पण मला खरंच खेळता येतं का? कळणार कसं? इथे परळीत थर्मल वीज केंद्राच्या कोर्टवर मी खेळते ती फक्त कॉलनीतल्या मोहनकाकांशी. काका रिटायर झालेत, गुडघे दुखतात.

१५ सप्टेंबर
पप्पांनी परस्पर ठरवून टाकलंय. दहावी झाली की विज्ञान, लातूरचे क्लास, मग डॉक्टर. दिवाळीआधी सीट पक्की करायची म्हणे. 'तिथं रॅकेट न्यायची न्हाई.' मला कला शाखा हवी — इथलंच कॉलेज, संध्याकाळी कोर्ट. खरंच हवी? की गणिताचा कंटाळा? देव जाणे.

१७ सप्टेंबर
मराठवाडा मुक्तिदिनाची सुट्टी. सगळ्यांना विचारत फिरले — तुम्ही विषय कसे निवडले?
आई : 'गावात कालेज एक, त्यात आर्टच व्हतं.'
पप्पा : 'मैतरानं सायन्स घेतलं, मी बी घेतलं.'
मोहनकाका तर लई हसले. 'आमाला कुणी इचारलं बी न्हाई, पोरी.'
म्हणजे कुणीच निवडलं नाही! कमाल आहे.

२० सप्टेंबर
पप्पांशी पैज लावली. विभागीय स्पर्धेत पहिली मॅच जिंकले तर कला. हरले तर लातूर — हूं की चूं करायचं नाही. पप्पा लगेच 'ठरलं' म्हणाले. एवढ्या लगेच?

११ ऑक्टोबर, शनिवार
संभाजीनगर. हरले. ०-६, १-६.
त्या मुलीने दोन गेममध्ये ओळखलं आणि सगळे चेंडू माझ्या बॅकहँडला! तिथे मला काहीच येत नाही. येणार कुठून? काकांचा चेंडू कायम उजव्या हातालाच. आणि मी समजत होते, मी टेनिस खेळते!
शेवटी चिडून पकड बदलली. एक चेंडू थेट रेषेवर! मग आणखी एक. तो एक गेम तसाच मिळाला. पण कसा? पकडीमुळे? की खांदा वळला म्हणून? बसमध्ये डोक्यात तेवढंच. शेजारी पप्पा समजावत होते, 'लातूरला मन रमंल बग.' रडू येईल असं वाटलं होतं. आलंच नाही.

१२ ऑक्टोबर
सकाळीच कोर्टच्या भिंतीवर बॅकहँड मारत होते. पप्पा येऊन उभे राहिले. 'आता कावून खेळायलीस?'
म्हटलं, 'पप्पा, मी शब्द मोडायलेय. लातूरला जाणार न्हाई.'